मामांच्या ऑर्गनची हवा

दिवाळी सरली की आमच्याकडे, गोंदियाच्या बाजूला, मंडईचे दिवस लागतात. अर्जुनीपासून वडशापर्यंत एकेका गावाची मंडई ठरलेली असते. दिवसभर बाजार, आकाशपाळणे, पाहुणेरावळे, आणि अंधार पडला की नाटक. गावातलेच शेतकरी राजे होतात, सेनापती होतात. बाहेरून येतात त्या फक्त नट्या. रंगमंचासमोर जमिनीत गुडघाभर खड्डा खणतात आणि त्यात वाजवणारे बसतात, म्हणजे मागच्या माणसाला नाटक दिसतं. माझे मामा त्या खड्ड्यात उभा जन्म बसले. ते ऑर्गन वाजवत, म्हणून गाव त्यांना मास्तर म्हणे.

हा ऑर्गन पायांनी चालणारा. वर पेटीसारख्या पट्ट्या, खाली दोन पायपट्ट्या. दोन्ही पाय आळीपाळीने दाबत राहायचं, आत भाता चालतो आणि सूर निघतो. पाय हळू चालला तर सूर पातळ होतो, जोर दिला तर भरून येतो. मामांनी तो तरुणपणी एका मोडलेल्या नाटक कंपनीकडून मिळवला होता. मंडईच्या दिवसांत तो बैलबंडीतून गावोगाव जाई आणि मामा बंडीमागून चालत जात. बंडीत बसले तर ऑर्गन हलतो तो दिसत नाही, असं ते म्हणत.

मामांचं गाव इटियाडोह धरणाच्या कालव्यावरचं. तिथल्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष मोठे शेतकरी होते. त्यांच्या पूर्वजांनी गावचा तलाव बांधला असं गावात सांगतात. नाटकात राजाचं काम त्यांचंच असे आणि गाणंही त्यांचंच. आम्ही बौद्ध. फार पूर्वी मामांचं जेवण नाटकाच्या खड्ड्यातच पोचवलं जायचं. पुढे एका वर्षी अध्यक्षांनी त्यांना हाताला धरून पंगतीत आपल्या शेजारी बसवलं. ह्या दोन्हीबद्दल मामा कधी काही बोलले नाहीत. ते वाजवत राहिले, अध्यक्ष गात राहिले.

माझे वडील रेल्वेत, सौंदडच्या स्टेशनावर कामाला. १९९९ साली त्यांनी गोंदियातल्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून माझ्यासाठी जुना कीबोर्ड आणला. मी तेव्हा शाळेत होते. सुट्टीत तो घेऊन मी मामांकडे गेले. मामांनी तो उलटापालटा करून पाहिला.

"ह्याले हवा कोठून येते वो?"

"हवा नाही लागत मामा. लाइटवर चालते."

"मंग कसं व्हावं," ते म्हणाले. पण त्याच कीबोर्डवर त्यांनी मला सूर शिकवले. स्वतःच्या ऑर्गनला मात्र ते कुणाला हात लावू देत नसत.

मी पुढे शिकले, गोंदियाला लागून फुलचूरला खोली घेतली आणि गोंदियात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवू लागले. माझा कीबोर्ड सौंदडच्या घरी राहिला. एका पावसाळ्यात कौलांतून पाणी गळलं आणि त्याचा आवाज गेला. दिवे लागत, पट्ट्या दबत, आवाज मात्र येत नसे. आईने तो कापडात गुंडाळून माळ्यावर टाकला.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, धानाची मळणी चालू असताना मामीचा फोन आला. "तुहे मामा आंगनात पडले. उठूनच नाई राहिले."

त्यांना गोंदियाच्या दवाखान्यात आणलं. लकवा होता, डाव्या अंगावर. जीभ जड झाली होती, पण हळूहळू बोलणं समजू लागलं. डावा हात मांडीवर ठेवला तर तिथेच राही. उजवा पाय चांगला होता, पण तो हलवला की सगळं अंग डावीकडे कलंडे. घरी आणल्यावर मामी त्यांना लाकडी खुर्चीत बसवून कमरेशी लुगडं बांधून ठेवायची. ते खुर्चीतून अंगण बघत बसत. ऑर्गन त्यांच्या समोरच, भिंतीला लागून होता. त्यावर मामीने गोधड्यांची चळत रचून ठेवली होती.

त्या वर्षीच्या मंडईला मंडळाने वडशाकडचा एक तरुण वाजवणारा आणला. त्याच्याकडे नवा मोठा कीबोर्ड होता. मी त्या दिवशी मामांकडेच होते. नांदीचा पहिला सूर भोंग्यातून घरात आला तशी मामीने उठून खिडकी लावली.

"उघड," मामा म्हणाले.

तिने उघडली. आम्ही तिघं जण ऐकत बसलो. मामा पडल्यापासून अध्यक्ष एकदाही घरी आले नव्हते. गाव एवढंसं, त्यांच्या वाड्यापासून मामांचं घर चार गल्ल्यांवर. भोंग्यातून त्यांचा आवाज येत राहिला आणि मामांनी डोळे मिटून घेतले.

थंडी संपताना एका रविवारी मी गोंदियाहून गाडीने अर्जुनीला उतरले आणि काळीपिवळी जीपने मामांकडे गेले. दार उघडंच होतं. मामी मागे भांडी घासत होती. मामांची खुर्ची कुणीतरी ऑर्गनजवळ सरकवली होती, का त्यांनीच उजव्या पायाने रेटत नेली होती, कोण जाणे. गोधड्या खाली पडल्या होत्या. ऑर्गनचं झाकण बंद होतं आणि मामांची उजव्या हाताची बोटं त्या झाकणावर चालत होती. सरळ, न चुकता, एक अख्खं गाणं. लाकडावर नखांचा बारीक आवाज येत होता.

मी झाकण उघडलं आणि जमिनीवर बसून दोन्ही हातांनी पायपट्ट्या दाबू लागले. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग बोटं ठेवली. सूर आला, पण दमेकऱ्यासारखा. भात्याला कुठे तरी भोक पडलं होतं. तरी ते वाजवत गेले. माझ्या डोक्यावर, लाकडाच्या आत तो सूर घुमत होता आणि मी जीव खाऊन पट्ट्या दाबत होते.

मामी राखेचे हात घेऊन आत आली.

"बंद करा ते!" ती ओरडली. तिला एवढ्या मोठ्याने बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "ह्या पेटीनं माहा अर्धा जलम खाल्ला. हिवाळाभर म्या एकटीनं धान राखलं, पोरं नाई झाली तेही एकटीनं सोसलं. आता मानूस खाल्ला तरी इचं पोट नाई भरलं?"

माझे हात थांबले. सूर खाली खाली जात विरला. मामांनी पट्ट्यांवरून हात काढला. मग जड जिभेने एवढंच म्हणाले, "खरं आहे तिचं."

मामी परत मागे गेली. मी झाकण लावलं.

गोंदियाला परतताना गाडीत मला दुसरं काही सुचेना. क्लासमध्ये इंटरनेट होतं. संध्याकाळी मुलं गेली की मी वाचत बसे. परदेशात काही लोक जुने, टाकून दिलेले कीबोर्ड घेऊन त्यांच्यावर चर्चमधले मोठे ऑर्गन वाजवतात, असं मला तिथे कळलं. कीबोर्डचा स्वतःचा आवाज वापरायचाच नाही. त्याच्या मागच्या गोल पाच भोकांच्या खाचेतून कॉम्प्युटरला वायर न्यायची. कुठली पट्टी दाबली, कधी सोडली, एवढंच कीबोर्डने सांगायचं. सूर कॉम्प्युटरमध्ये साठवलेला असतो, तो कॉम्प्युटरच काढतो. पुष्कळ जुन्या कीबोर्डांना पट्टी हळू दाबली का जोरात ते कळत नाही, आणि ऑर्गनसाठी तेच बरं, असंही एकाने लिहिलं होतं. ऑर्गनला जोर पट्टीतून मिळत नाही, हवेतून मिळतो.

मी सौंदडला गेले, माळ्यावरून माझा मुका कीबोर्ड काढला. त्याला ती गोल खाच होती. क्लासच्या सरांनी त्यांचा जुना लॅपटॉप मला वापरायला दिला. वायर नागपूरहून मागवावी लागली. जोडून पहिली पट्टी दाबली आणि लॅपटॉपमधून सूर आला तेव्हा मी खोलीत एकटीच होते. मी ती पट्टी किती तरी वेळ सोडलीच नाही.

तो सूर इंटरनेटवर फुकट मिळालेल्या कुठल्या तरी परदेशी चर्चचा होता. पुढच्या रविवारी मी सगळं मामांसमोर मांडलं. त्यांनी चार पट्ट्या दाबल्या, ऐकलं.

"हे कोन्या मोठ्या घरचं आहे," ते म्हणाले. "आपलं नाई."

"मग आपलंच घेऊ मामा. तुमच्या ऑर्गनचा एकेक सूर यात भरून घेऊ."

त्यांनी ऑर्गनकडे पाहिलं. "भाता फाटला आहे," ते म्हणाले.

मामी दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. पण त्याच्या पुढच्या रविवारी मी आले तेव्हा ऑर्गनची मागची फळी काढलेली होती, आणि मामी आत वाकून भात्यावर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवत होती. मामा खुर्चीतून सांगत होते, "त्याच्या खाली... अजून एक आहे... दाबून धर." मी आलेली पाहून मामी म्हणाली, "उंदरानं कुरतडला आहे. मी नाई केलं काई." मी हसले. ती हसली नाही.

सूर भरून घेणं मला वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं. घराच्या मागे धानाची गिरणी. ती चालू असली की भिंतीसुद्धा थरथरत. ती बंद असेल तेव्हा पंखा, टीव्ही, कुणाचा तरी पाण्याचा पंप. मग आम्हाला लोडशेडिंगचा आधार सापडला. दुपारी लाइट गेली की सगळं गाव एकदम गप्प होई. त्या काळात लोडशेडिंगला शिव्या न देणारं घर आमचं एकटंच असेल. लॅपटॉप बॅटरीवर ठेवायचा, मी जमिनीवर बसून हातांनी हवा द्यायची, मामांनी एक पट्टी दाबून धरायची, सूर पूर्ण भरेपर्यंत. मामी अंगणात कोंबड्या हाकलत उभी राही. बॅटरी जुनी होती, चटकन संपे. मग उठायचं, पुढच्या रविवारची वाट बघायची.

एका पट्टीला मामा म्हणाले, "हा सूर परत घे. हवा हलली." मला काही कळलं नव्हतं. परत ऐकलं तेव्हा कळलं. माझा हात तिथे दमला होता.

पाऊस लागायच्या आधी सगळे सूर झाले. मी ते एकेका पट्टीला लावले आणि मामांसमोर कीबोर्ड ठेवला. त्यांनी गाणं सुरू केलं आणि दोन ओळींत हात उचलला. चेहरा लाल झाला होता.

"हा मागून येऊन राहिला."

पट्टी दाबल्यावर सूर किंचित उशिरा येत होता. मला तो उशीर कळतही नव्हता. त्यांना तो सोसवत नव्हता. त्यांनी परत वाजवलं, परत थांबले, आणि उजव्या हाताने कीबोर्ड ढकलून दिला. तो मी वरच्यावर धरला.

"नाई होत," ते म्हणाले. "माहा हातच मले मागं टाकून चालला."

त्या उशिरावर उपाय करण्यात माझा श्रावण-भादवा गेला. लॅपटॉपमधलं हे बदल, ते काढ. शेवटी उशीर इतका कमी झाला की मामांनी एक अख्खं गाणं वाजवलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी मान हलवली.

"येते संगं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पन मेलेलं आहे बाई. ह्याच्यात हवाच नाई."

ते खरं होतं. सूर त्यांच्याच ऑर्गनचे होते, पण सगळे एकाच जोराचे. पाय नव्हते.

गोंदियातला तो ऑर्केस्ट्रावाला, ज्याच्याकडून बाबांनी माझा कीबोर्ड घेतला होता, अजून गंज बाजाराच्या बाजूला राहत होता. आता तो लग्नात डीजे लावायचा. मी त्याच्याकडे जाऊन काय हवं ते सांगितलं. त्याने दुकानाच्या मागून एक लांबलचक जुना कीबोर्ड ओढत आणला. कोपऱ्याचं प्लास्टिक फुटलेलं, पडदा काळा. पण पट्ट्यांच्या डावीकडे एक छोटं चाक होतं, अंगठ्याने पुढेमागे होणारं.

"दीदी, ये तो कबाड़ है," तो म्हणाला. "इसमें से अब कुछ नहीं बजता. ले जाओ, मेरी जगह खाली होगी."

"मला यातून वाजवायचंच नाही," मी म्हणाले. मी कीबोर्ड उचलून निघाले.

ते चाक मी सुराच्या जोराला लावलं. चाक मागे, सूर पातळ; चाक पुढे, सूर भरलेला. पण मामांचा डावा हात चालत नव्हता. म्हणून चाकावर माझा हात आला. मी त्यांच्या डाव्या बाजूला खुर्ची घेऊन बसले. पट्ट्या त्यांच्या, हवा माझी.

मला ते जमायला फार दिवस लागले. मी सूर ऐकून चाक फिरवत असे, आणि ते नेहमी उशिरा पडे. मामा चिडत नसत, फक्त थांबत. एकदा म्हणाले, "तू आयकून नोको करू. गानारा श्वास कधी घेते ते पाह्य." मग मी गाणाऱ्याला डोळ्यांपुढे आणू लागले. मामा मनात कुणाचा आवाज धरून वाजवतात हे मला माहीत होतं. अध्यक्षांचा. ते ओळ संपताना कसे थांबत, वरच्या सुरावर जायच्या आधी कशी छाती भरून घेत, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. चाक हळूहळू त्या श्वासांवर चालू लागलं. दिवाळीच्या आधी एका दुपारी गाणं संपलं आणि मामांनी हात पट्ट्यांवरून उचलला नाही. तसाच ठेवला. मामी चुलीपाशी होती. तिने फुंकणी खाली ठेवली होती.

त्याच संध्याकाळी मामी कुणाला न सांगता अध्यक्षांच्या वाड्यावर गेली. आम्हाला ते दुसऱ्या दिवशी कळलं, अध्यक्ष दारात उभे राहिले तेव्हा. धोतर, खांद्यावर पंचा, वाळलेला चेहरा. ते उंबरठ्याच्या आत येईनात.

"मास्तर," ते म्हणाले, "म्या आलो नाई. वरीस झालं. पाय वळलेच नाईत माहे."

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. "माहे बी नाई वळत," ते म्हणाले.

अध्यक्ष आत आले आणि खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. त्यांनी मामांचा डावा हात, तो निर्जीव हात, आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि रडू लागले. मामी पाणी घेऊन आली, परत गेली. किती तरी वेळाने त्यांनी पंच्याने तोंड पुसलं आणि कीबोर्डकडे बघितलं.

"ह्याच्यावर वाजवता?"

"ह्याच्यावर नाई," मामा म्हणाले. "ह्याच्यातून."

ठरलं असं की नांदी आणि पहिल्या अंकातलं राजाचं गाणं मामा वाजवतील, पुढचं वडशाकडचा तरुण. मंडळात काहींची कुरकुर होती की मास्तर मध्येच थांबले तर काय. अध्यक्ष म्हणाले, "थांबले त मीही थांबीन."

मंडईच्या दिवशी चौघांनी मामांना खुर्चीसकट उचलून खड्ड्यात उतरवलं. मामीने त्यांना पांढरा सदरा घातला होता आणि कमरेशी आपली शाल बांधली होती. लॅपटॉपवर दव पडू नये म्हणून मी त्याला टोपलीखाली ठेवलं. लाइटचा भरवसा नव्हता, सगळं जनरेटरवर होतं. मामी बायकांच्या घोळक्यात बसायला गेली आणि मग तिथून उठून खड्ड्याच्या काठाशी येऊन बसली. आजवर ती मामांचं एकही नाटक बघायला आली नव्हती.

पडद्याच्या आड घंटा झाली. मामांनी पहिला सूर धरला. मी चाक पुढे नेलं. भोंग्यांतून तो सूर मैदानभर गेला तेव्हा मागच्या बाजूला कुणीतरी म्हणालं, "मास्तर होय!" मग सगळीकडे गप्प झालं. नांदी नीट झाली. माझा हात चाकावर कुठे चुकला नाही.

राजाचं गाणं मुलाच्या प्रेतापाशी होतं. अध्यक्ष रंगमंचाच्या कडेला, अगदी आमच्यासमोर गुडघ्यावर बसले होते. दुसरं कडवं लागलं आणि जनरेटर बंद पडला. एकदम सगळे दिवे गेले. माइक गेला. लॅपटॉपची बॅटरी एवढीशी, तोही पाठोपाठ विझला. काळोखात लोकांचा गलका उठला. कुणीतरी टॉर्चचा झोत आमच्या अंगावर मारला.

त्या उजेडात मी पाहिलं. मामांचा हात चालू होता. पट्ट्यांतून काही येत नव्हतं, तरी बोटं जिथे असायला हवी तिथेच होती, त्याच लयीत. आणि माझाही हात चाकावर चालतच होता, मला न विचारता. अध्यक्षांची मान वर आली. ते मामांच्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी बिनमाइकाचं, उघड्या गळ्याने गाणं पुढे नेलं, मामांची बोटं बघत. बोट वर गेलं की ते वर जात, बोट थांबलं की थांबत. मैदान हळूहळू शांत झालं. मागच्यांना ऐकू येत नसणार, तरी कुणी बोलेना.

शेवटच्या ओळीच्या आधी जनरेटर परत सुरू झाला. मी टोपलीखाली हात घातला. मामा म्हणाले, "राहू दे."

गाणं तसंच संपलं. टाळ्या वाजल्या, पण मामा आणि अध्यक्ष दोघांपैकी कुणी वर बघितलं नाही.

मामा त्यानंतर आणखी एक हिवाळा वाजवू शकले. दुसरा झटका उन्हाळ्यात आला आणि त्यातून ते उठले नाहीत. आमच्या पद्धतीने वंदना झाली. अध्यक्ष आणि मंडळातले सगळे जण उन्हात आमच्या वस्तीच्या मसणवट्यापर्यंत चालत आले. त्या गावात त्याआधी असं झालेलं मला आठवत नाही. अध्यक्षांच्या पायांत चपला नव्हत्या. परत जाताना त्यांनी मामीला हात जोडले. त्यांनी त्या वर्षी नाटकात काम केलं नाही आणि पुढेही केलं नाही.

वडशाकडच्या त्या तरुणाने मला फोन करून मामांच्या ऑर्गनचे सूर मागितले. मी दिले. मग त्याच्याकडून ऐकून आणखी दोघा-तिघांनी मागितले, त्यांनाही दिले. मी मामीला आधी विचारलं होतं. "दे ना," ती म्हणाली, "घरात कोंडून कायले ठेवाचे?"

दिवाळीच्या तोंडावर मंडळाचा निरोप आला की ह्या वेळी तुम्ही बसा. मामांच्या बाजूला बसणं वेगळं; बाई माणसाने खड्ड्यात बसून वाजवल्याचं आमच्या भागात मी तरी पाहिलं नव्हतं. मी मामीकडे गेले, तिला सांगितलं, आणि खरं म्हणजे ती नको म्हणेल ह्याचीच वाट बघत होते.

"मी येतो संगं," ती म्हणाली. "मले दाखव ते चाक."

मी कीबोर्ड मांडला. मामांच्या खुर्चीत मी बसले आणि ती माझ्या डाव्या बाजूला. तिच्या बोटांना भेगा पडलेल्या, चाक त्यांना लहान पडत होतं. पहिल्यांदा तिने ते घट्ट पुढे रेटलं आणि सूर किंचाळला. ती दचकून हात मागे घेऊ लागली. मी म्हणाले, राहू द्या. मी गाणं परत सुरू केलं. ती डोळे मिटून बसली होती. दुसऱ्या ओळीला तिने चाक मागे आणलं, थांबली, आणि मग इतक्या सावकाश पुढे नेलं की माझी बोटं क्षणभर अडखळली.

"असंच ना?" तिने विचारलं. "तिकडं सैपाकघरात मले हेच आयकू ये. सूर नाई, त्यायचा पाय आयकू ये. पाय थांबला का मी समजो, आता उठतीन, पानी मांगतीन."

मंडईला आम्ही दोघी खड्ड्यात बसलो. नांदी तिच्या हातावर झाली. पहिला अंकही झाला. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला तिने चाकावरून हात काढून घेतला.

"काय झालं मामी?"

"काई नाई. तू वाजव. मले नाटक पाहू दे आता."

मंडळाच्या बायकांनी तिच्यासाठी चहा पाठवला होता. तो दोन्ही हातांत धरून ती मान वर करून रंगमंचाकडे बघत बसली. मी डावा हात चाकावर नेला आणि पुढचं गाणं सुरू केलं.